दिवस बुडतानाची गत

धारवाडजवळच्या केलगेरीच्या तळ्याकडं तोंड करून बसलेल्या त्या घरात कायदा अंबूताईंचा चालायचा. दूध कुणाच्या म्हशीचं घ्यायचं इथपासून मारवा कधी वाजवायचा इथपर्यंत. शाळेत त्या दुसऱ्या यत्तेपर्यंत गेलेल्या, तेही ओढ्याला पाणी नसेल त्या दिवसांत. पण माणूस चालीवरून ओळखायच्या आणि तार कानावरून, आणि दोन्हींतलं कुठलं ढिलं झालं की तोंडावर सांगायच्या. गावातली निम्मी माणसं त्यांना मान द्यायची, उरलेली निम्मी रस्ता बदलायची. अंबूताईंना दोन्ही सारखंच आवडायचं.

नवरा बाळाचार्य मास्तर सतारीये. तीस वर्षं ते पुढं आणि अंबूताई मागं, तंबोऱ्यावर. पुढच्याच्या गळ्यात हार पडतो आणि मागचीचं कोपर दुखतं, असं त्या चारचौघांत म्हणायच्या आणि मास्तर नुसते हसायचे. शेवटच्या दिवसांत अर्धांगवायूनं मास्तरांचा उजवा हात गेला. हाताबरोबर सतार गेली, पण डोक्यातलं जायला तयार नव्हतं. मग ते खाटेवरून तोंडानं बोल सांगायचे, दा दिर दा रा, आणि अंबूताई भाकरी थापता थापता ते पाठ करायच्या. चुकलं की मास्तर डाव्या हातानं खाटेची पाटी बडवायचे. "अगं, भाकरी उलटायच्या आधी सम येते!"

"मग भाकरी करपू दे म्हणता?"

"करपू दे की. भाकरी उद्या परत होईल."

अशा दोन गती, म्हणजे सतारीवरच्या बांधलेल्या चिजा, मास्तरांनी त्यांच्या हवाली केल्या. एक मारव्याची. मारवा म्हणजे उजेड गेलेला नाही आणि दिवा लागलेला नाही, त्या मधल्या घटकेचा राग. "ही दिवस बुडतानाच," मास्तर म्हणाले होते. "दुसऱ्या वेळी वाजवली तर ती माझी नव्हे." दुसरी जौनपुरीची, उन्हं अंगणात आल्यावरची. तिच्याबद्दल ते म्हणाले, "ही मागेल त्याला दे. न मागणाऱ्याला दिलेली चीज उकिरड्यावर पडते."

मास्तर गेले. मुलगा जयतीर्थ सतार धरून बसला होता, त्यानं मारव्याची गत मागितली. अंबूताईंनी त्याला तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवायला लावला आणि वेळेचं वचन घेऊन दिली. जौनपुरीची त्यानं मागितली नाही, कारण आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. विचारावं असं त्याला वाटलं नाही आणि सांगावं असं अंबूताईंना वाटलं नाही. खरं सांगायचं तर दोन्हींतली त्यांची लाडकी जौनपुरीच होती. सकाळी तुळशीला पाणी घालताना ती ओठांच्या आत फिरायची. बाहेर कधी येऊ दिली नाही.

एकोणऐंशी सालची गोष्ट, मास्तर जाऊन पाचवं वर्ष. बंगळूरच्या एका संस्थेकडून बोलावणं आलं. परदेशात डोंगराच्या कुशीतल्या एका गावात, चार-पाच वादकांच्या लहान मेळांची स्पर्धा होती. देशोदेशीची माणसं येणार, बहुतेक चार-चार फिडलं घेऊन. जयतीर्थच्या मेळाची निवड झाली होती. मेळ चौघांचा. सतारीवर तो, व्हायोलिनवर मास्तरांचा जुना शिष्य वादिराज, तबल्यावर हुबळीच्या कमरीपेठेतला वेंकटेश, आणि तंबोऱ्यावर जयतीर्थची बायको कुसुमावती. त्या गावाचं नाव अंबूताईंच्या जिभेवर कधी बसलं नाही. त्या म्हणायच्या, "ते बर्फाचं गाव."

"ताई, जूनमध्ये तिथं बर्फ नसतं म्हणतात," वेंकटेश म्हणाला.

"तू बघून आलास?"

"नाही की."

"मग सुम्म कूड, गप्प बस. तबला बघ, त्याची शाई उडालीय."

त्यांनी स्वतः यावं असं जयतीर्थ एकदा म्हणाला. एकदाच. अंबूताईंना तो दुसऱ्यांदा म्हणायला हवा होता. म्हणाला नाही, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की समुद्रापलीकडचं पाणी आपल्याला चालत नाही, आणि तंबोरा सुनेच्या मांडीवर दिला.

देताना तिला कोपऱ्यात बसवून शिकवलं. "चार तारा. ही पहिली सगळं बिघडवते नाहीतर सगळं सावरते. एरवी ती पंचमाला लावायची. पण मारव्यात पंचम औषधालासुद्धा नाही. पंचमाला तार लावून मारवा वाजवणं म्हणजे एकादशीला मांडवात जेवणाच्या पंगती उठवणं. म्हणून ही निषादाला उतरव. हं. अजून. मणी सरकव. आता कान दे."

कुसुमावतीनं कान दिला. तिचा कान चांगला होता. तेवढंच अंबूताईंना तिचं आवडायचं आणि तेवढ्याचीच भीती वाटायची.

तालीम पश्चिमेच्या कट्ट्यावर. सूर्य तळ्यापलीकडच्या झाडांना टेकला की सुरू, आणि तांबडं पुसलं की बंद. मग गत कुठंही असो. वादिराजचा गज अर्ध्यावर असायचा आणि अंबूताई टाळी वाजवायच्या. "झालं. उठा. दिवा लावायचाय."

"अक्का, एवढा तोडा पुरा करू द्या की!"

"सूर्याला सांग थांबायला. माझं ऐकतोय का बघ, मग तुझं."

स्पर्धेत बारा मिनिटं मिळणार होती. ऐकून अंबूताई खो खो हसल्या होत्या. बारा मिनिटांत तर त्यांचा तंबोरा लागत नसे. पण हसून झाल्यावर कामाला लागल्या. आलाप एवढाच, मूठभर. सतारीनं विचारायचं आणि व्हायोलिननं उत्तर द्यायचं, पण उत्तर पुरं द्यायचं नाही. वादिराजला सवय होती गोड वाजवायची. सुराला तो लोण्यासारखा चोपडायचा. त्याला त्या म्हणाल्या, "मारव्यात षड्ज म्हणजे घर. घरी जायचं नाही, दारावरून जायचं. तू आपला दर खेपेला चप्पल काढून आत शिरतोस." वेंकटेशला म्हणाल्या, "तू कमरीपेठेत पितळेची भांडी विकतोस ते ठीक आहे, इथं वाजवू नकोस." जयतीर्थला त्या फारसं बोलायच्या नाहीत. त्याचा हात बापासारखा होता. सम यायच्या आधी खांदा तसाच वर जायचा. तो खांदा वर गेला की अंबूताई तळ्याकडं बघायच्या.

मार्च सरला तरी गत बसेना. दिवसातून जेमतेम तेवढा वेळ, त्यात ढग आले की भांडण. सूर्य दिसत नाही म्हणजे बुडाला की नाही बुडाला? वादिराज म्हणायचा नाही, अंबूताई म्हणायच्या बुडाला. मग एप्रिलमध्ये काय झालं कोण जाणे, चौघं एकदम सुटे झाले. वादिराज दारावरून जायला शिकला. वेंकटेशचा हात हलका झाला. एक संध्याकाळ तर अशी आली की गत संपली आणि तांबडं पुसलं, दोन्ही एकाच क्षणी, आणि टाळी वाजवायची गरजच उरली नाही. अंबूताईंना वाटलं, माझ्या बोलण्याचं चीज झालं. त्या रात्री त्यांनी आपणहून सुनेच्या ताटात दुसऱ्यांदा तूप वाढलं.

कुसुमावतीनं मान वर केली नाही. महिनाभर ती सकाळी लवकर बाहेर पडत होती. हुबळीला मामाची तब्येत बरी नाही म्हणून जायची. जयतीर्थ बरोबर असायचा. अंबूताईंनी मामासाठी एकदा लिंबाचं लोणचंही दिलं होतं.

मेच्या सुरुवातीला वेळ कळायची होती. कोणत्या मेळानं कधी वाजवायचं याच्या चिठ्ठ्या तिकडंच निघणार होत्या आणि बंगळूरवरून निरोप येणार होता. ते ऐकल्यापासून अंबूताईंच्या मनात जौनपुरी खालीवर करत होती. सकाळची वेळ आली तर? वचन म्हणजे वचन. मारवा नाही वाजवायचा. पोरगं तोंड पाडून येईल, म्हणेल, आई, आता काय करू? मग त्याला जरा रडू द्यायचं. फार नाही. मग म्हणायचं, बस इथं, सतार घे. आणि मास्तरांची दुसरी गत त्याच्या ओंजळीत घालायची. महिनाभरात बसली असती. बोल न् बोल त्यांनी मनात घासून पुसून ठेवला होता, सणाला काढायच्या तांब्यासारखा. दोन दिवस तर त्या देवाजवळ चक्क सकाळची वेळ मागत होत्या.

तिसऱ्या दिवशी जयतीर्थ बाहेरून आला. सतारीवरची धूळ पुसत बसला.

"वेळ कळली का रे?"

"कळली."

"मग?"

"संध्याकाळी सात."

स्वयंपाकघरात कुसुमावतीचा वरणाचा डाव भांड्यावर थांबला आणि परत फिरायला लागला. अंबूताईंनी तो आवाज ऐकला. तारेचा आवाज असता तर त्यांना कळलं असतं काय बिघडलंय ते. डावाच्या आवाजाकडं त्यांनी लक्ष दिलं नाही.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "मास्तरांचीच कृपा." आणि जौनपुरी परत आत ठेवून दिली. आनंद झाला होता, पण त्या आनंदाला कुठंतरी खडा लागत होता.

जुलैत मेळ परत आला. दुसरं बक्षीस घेऊन आला. धारवाडात दुसरं बक्षीस म्हणजे काय थोडकं? घरात माणसांची रीघ, पेढ्यांच्या पुड्यांवर पुड्या. मास्तरांच्या फोटोला रुपेरी पदक घातलं. अंबूताई इरकल नेसून झोपाळ्यावर बसल्या होत्या आणि येणाऱ्याचं कौतुक, राजानं खंडणी घ्यावी तसं घेत होत्या.

वेंकटेश कट्ट्यावर शेजाऱ्यांच्या मधोमध बसून रंगात आला होता. परदेशाहून आलेला माणूस आणि भरलेला हौद, दोन्ही सांडल्याशिवाय राहत नाहीत.

"काय सांगू तुम्हाला, पाणी असलं गार! सकाळी उठून अंघोळ केली, हाताची बोटं पार लाकूड. म्हटलं, आता ह्या बोटांनी धा कसा काढायचा? खायला तर काही मिळालंच नव्हतं. त्यांचा नाश्ता नऊला आणि आमचा नंबर नऊला. बाहेर लोक पाव खातायत, वास येतोय, आणि आत आम्ही आपले मारवा..."

तो थांबला. थांबला म्हणूनच सगळ्यांना कळलं. वादिराजनं डोळे मिटून घेतले.

झोपाळा थांबला होता.

"वेंकटेश," अंबूताई म्हणाल्या, "तिथं सकाळी नऊला दिवस बुडतो?"

"म्हणजे ताई, ते तिकडचं हवामान..."

"तुला नाही विचारत. तू भांडी विक." त्यांनी जयतीर्थकडं बघितलं. "तुला विचारतेय."

शेजारीपाजारी पेढा तोंडात धरून बसले. गिळायचा की नाही, कुणाला कळेना.

"आई, आत चल, सांगतो."

"आत कशाला? मारवा बाहेर वाजवलास ना?"

जयतीर्थच्या कानशिलाची शीर उडायला लागली. बापाचीही तशीच उडायची. "बरं. ऐक इथंच. तिथं जूनमध्ये सूर्य बुडतो रात्री नऊला. स्पर्धा संपते सहाला. मग कुणी वाजवायचाच नाही का मारवा? कुठल्या सूर्यानं वाजवू? तिथल्या का इथल्या? आम्ही वाजवत होतो तेव्हा इथं भर दुपार होती. तुझं घड्याळ कुठल्या देशाचं ते तरी सांग!"

"माझं घड्याळ तुझा बाप."

"अप्पा असते तर हसले असते."

"ते माझ्यावर हसले असते. तुझ्यावर नाही." मग हळू आवाजात, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू वाजवू दिलं असतंस?"

या प्रश्नाचं उत्तर अंबूताईंजवळ होतं. महिनाभर घासून पुसून ठेवलेलं होतं. पण ज्यानं विचारलं त्याला ते नको होतं. त्याला फक्त 'नाही' हवं होतं, म्हणजे त्याचं खोटं खरं ठरलं असतं.

"आणि तालीम?" त्या म्हणाल्या. "एप्रिलमध्ये एवढे सुटलात ते?"

आता कुसुमावती बोलली. भिंतीला टेकून उभी होती. "हुबळीला, आत्याबाई. वेंकटेशभावजींच्या दुकानाच्या माडीवर. सकाळी. सकाळची वेळ येऊ शकते म्हणून आधीच सवय केली होती."

"मामा?"

"मामा बरे आहेत."

"लोणचं?"

कुसुमावतीनं वादिराजकडं बघितलं.

"मी खाल्लं, अक्का," वादिराज खाल मानेनं म्हणाला. "फार छान होतं."

एक शेजारीण फिस्सकन हसली आणि तिचा पेढा घशात गेला. अंबूताई उठून आत गेल्या. मास्तरांच्या फोटोवरचं पदक काढून त्यांनी जयतीर्थच्या सतारीच्या खुंटीला अडकवलं. "हे तुझं आहे," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून घरात कायदा त्यांचाच होता, पण लोक तो देवळापुरती टोपी घालावी तसा, तेवढ्यापुरता पाळायचे.

ऑगस्टात गावानं सत्कार ठरवला. रविवार, सकाळी दहा. मेळानं जिंकलेली गत तिथं वाजवायची. आणि मंडळींच्या डोक्यात आलं की त्या दिवशी तंबोऱ्यावर गुरुमातेनं बसावं. आधी त्यांना शाल द्यायची, मग वादन. जयतीर्थला वाटलं, आई ओरडेल. अंबूताई म्हणाल्या, "बसेन की."

इतकं सरळ उत्तर ऐकून जयतीर्थ खूश झाला. कुसुमावती झाली नाही. "आत्याबाई, तंबोरा मी लावून देऊ?" तिनं विचारलं.

"का? माझे कान पडले?"

त्या घरात अंबूताईंनी लावलेला तंबोरा कधी कुणी तपासला नव्हता. मास्तरांनीसुद्धा नाही. सकाळी त्यांनी खोलीचं दार लावून तो लावला, गवसणी घातली, आणि टांग्यात मांडीवर घेऊन बसल्या.

सभागृह खच्चून भरलं होतं. पुढच्या रांगेत टोप्यावाले म्हातारे, ज्यांच्यापुढं वाजवताना मोठमोठ्यांचे हात घामेजायचे. भाषणं झाली. शाल झाली. अंबूताई शालीसकट मागं जाऊन बसल्या, गवसणी उतरवली आणि तारा छेडल्या.

पंचम. स्वच्छ, भरघोस, सभागृहभर.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, आणि बहिऱ्याचं कुजबुजणं ते, सगळ्यांना ऐकू गेलं, "पंचम लावलाय की रे! मग मारवा कुठला? जौनपुरी दिसतेय."

त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावं असं अंबूताईंना वाटलं.

जयतीर्थनं सतारीवर पहिली सुरावट घेतली आणि ती त्या पंचमावर, वाटेतल्या दगडावर गाडी आपटावी तशी आपटली. त्यानं वळून बघितलं. "आई, निषाद."

"सकाळचे दहा वाजलेत."

"आई, हजार माणसं बसलीयत."

"बसू दे. सकाळचं काही वाजव."

"काय वाजवू? चौघांचं दुसरं काही बसवलेलंच नाही!"

"विचारलं नाहीस."

"काय विचारलं नाही?"

त्याचा चेहरा खरंच कोरा होता. अंबूताईंचे ओठ उघडले. पहिले चार बोल जिभेवर आलेही होते. तिथल्या तिथं, त्या पंचमावर, त्या म्हणाल्या असत्या तर बापाच्या हातानं त्यानं ते उचलले असते, उचलता आले असते त्याला. पण तो आता त्यांच्याकडं बघतच नव्हता. तो विंगेत बघत होता.

"कुसुम, ये."

कुसुमावती आली. पदर खोचून, आवाज न करता, शेजारी टेकली. "आत्याबाई, द्या," म्हणाली, म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं जड भांडं घ्यावं तशी. अंबूताईंनी तंबोरा घट्ट धरला. हजार माणसांसमोर सासू-सुनेनं तंबोरा ओढायचा, हे त्यांना डोळ्यांपुढं दिसलं, आणि हात आपोआप सुटले. सुनेनं खुंटी फिरवली, मणी सरकवला, कान दिला. पंचम वितळला आणि निषाद उभा राहिला, अगदी नेमका, जसा त्यांनी शिकवला होता तसा.

मग मारवा झाला. सकाळच्या दहा वाजता, खिडक्यांतून ऊन आत आलेलं असताना. वाईट झाला असता तर अंबूताईंनी सोसलं असतं. तो चांगला झाला. वादिराज दारावरून गेला, आत शिरला नाही. सम यायच्या आधी जयतीर्थचा खांदा वर गेला, आणि या खेपेला बघायला तळं नव्हतं. भर उन्हात त्या सभागृहात दिवस बुडाला, आणि पुढच्या रांगेतले म्हातारे, वेळेचे मोठे सोवळे म्हणवणारे, माना डोलवत होते. जौनपुरी म्हणालेला तो बहिराही.

अंबूताई मंचावर शाल पांघरून बसून राहिल्या. हात रिकामे होते, पण उजव्या हाताची बोटं शालीच्या काठावर चालली होती, एक, दोन, तीन, चार, न दिसणाऱ्या तारांवर. टाळ्या पडायला लागल्या तेव्हा त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी डाव्या हातानं उजवा हात दाबून धरला.

घरी कुणी त्यांना टाकून बोललं नाही. ते जास्त वाईट होतं. जयतीर्थ बोलायचा, पण मोजकं, सरकारी माणसासारखं. कट्ट्यावर तालीम व्हायची बंद झाली. मेळ आता हुबळीला जमायचा.

दिवाळीनंतर तो एकदा आपणहून त्यांच्यापाशी येऊन बसला. "आई, पुढच्या वर्षी परत बोलावलंय. नवीन काहीतरी हवंय. अप्पांचं आणखी काही आहे का गं तुझ्याजवळ?"

शेवटी विचारलं होतं. पाच वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली, तो असा आला, वाण्याकडं गूळ शिल्लक आहे का विचारावं तसा.

"कधी वाजवणार?" त्यांनी विचारलं.

"वेळेचं काय घेऊन बसलीस परत? मिळेल ती वेळ. तिकडं कोण बघतंय?"

"मग नाही."

"नाही म्हणजे, नाहीच? की..."

"नाही म्हणजे नाही. मास्तर एकच गत सांगून गेले. तीही मोडीत गेली."

जयतीर्थ उठला. आत कुसुमावतीला म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? काही नसतंय."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी तुळशीजवळ अंबूताई पाणी घालायला गेल्या की कुसुमावती मागच्या दाराशी काहीतरी निवडत बसायची. तांदूळ, नाहीतर डाळ. अंबूताईंना तो कान ठाऊक होता. त्यांनीच तयार केला होता. त्यांनी ओठ हलवायचं सोडलं. मग ओठांच्या आत फिरवायचंही सोडलं, न जाणो घशातून निसटलं तर. देवघरात, अंघोळीला, झोपताना, जिथं जिथं ती गत यायची तिथं तिथं त्या तिला परतवून लावायच्या. हळूहळू ती यायची थांबली.

संक्रांतीच्या आसपास कुसुमावती माहेरी गेली. घर रिकामं होतं, उन्हं अंगणात आली होती. अंबूताईंनी कळशी ठेवली, दार लावून घेतलं आणि इतक्या दिवसांनी मोकळ्या आवाजात म्हणायला घेतली. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसरीपाशी दा दिर दिर म्हणाल्या आणि पुढं काही नव्हतं.

परत पहिल्यापासून म्हटली. परत तिथंच. त्या स्वयंपाकघरात गेल्या, परातीपुढं बसल्या, पीठ घेतलं, भाकरी थापायला घेतली, हाताला आठवेल म्हणून. भाकरी उलटायची वेळ आली. सम कुठं येते ते सांगायला खाटेवर कुणी नव्हतं.

भाकरी करपली. ती त्यांनी दुपारी ताकाबरोबर खाल्ली.